अपेक्षांच्या पाच ओळी

मुलीला पहिलीत घालायचं म्हणून जानेवारीत आम्ही बाणेर-बावधन भागातल्या तीन इंटरनॅशनल शाळा पाहिल्या. तिसऱ्या शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता : 'पालकांच्या अपेक्षा'. खाली पाच ओळी. बायकोने पेन माझ्याकडे सरकवलं आणि मी ते बराच वेळ नुसतंच धरून बसलो.

शेजारचे पालक काय विचारत होते ते कानावर येत होतं. वर्गात मुलं किती, शिक्षिका वर्षाच्या मध्येच सोडून जातात का, बसमध्ये मावशी असते का, बारावीनंतर मुलं कुठल्या देशांत जातात. यातला एकही प्रश्न गैर नाही. आम्हीही तेच विचारले. शेवटचा मात्र डोक्यातून जाईना. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, १९६८ साली जिनिव्हात सुरू झालं. देशोदेशी बदल्या होणाऱ्यांच्या मुलांचं शिक्षण तुटू नये, पुढे विद्यापीठात अडू नये, ही त्यामागची मोठी गरज होती. आमची कुठे बदली होणार नाही. नोकरी पुण्यात, आई साताऱ्यात. मग आम्हाला ही शाळा कशासाठी हवी? खरं उत्तर असं, की मुलीने इथून जायचं हे आम्ही ती सहा वर्षांची असतानाच ठरवून टाकलं होतं.

त्या रात्री कठोपनिषद काढून वाचलं. वाजश्रवस सर्वस्वाचं दान करायला बसतो आणि देतो काय, तर दूध आटलेल्या, थकलेल्या गाई. ते पाहून त्याचा मुलगा नचिकेत विचारतो, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाप चिडून म्हणतो, यमाला. लहानपणी ही गोष्ट मला यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेल्या मुलाची वाटायची. आता ती बापाची वाटते. शाळेत घालणं हेही देणंच आहे, आणि कोणाला देतोय हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

पुढे यम हत्ती, घोडे, सोनं, शतायुषी मुलं-नातवंडं देऊ करतो, तरी मरणानंतर काय, हा आपला प्रश्न नचिकेत सोडत नाही. आयबीने विद्यार्थ्यासाठी जे दहा गुण सांगितले आहेत, त्यांत पहिला जिज्ञासेचा. तो आम्हाला फार आवडला होता. पण जिज्ञासू मूल आधी घरातच प्रश्न विचारतं. हे वाचण्याच्या आदल्याच आठवड्यात जेवताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, आजीशी तू मराठीत बोलतोस, मग माझ्याशी इंग्लिशमध्ये का?"

"सवय व्हावी म्हणून."

"कशाची?"

"गप्प जेव," मी ओरडलो. तिने हातातला घास ताटात ठेवला.

वाजश्रवसाचं उत्तर आणि माझं उत्तर एकाच जातीचं. नचिकेताने यमाकडे पहिला वर मागितला तो वडिलांचा राग निवावा, त्यांनी आपल्याला ओळखून प्रेमाने जवळ घ्यावं, हा. ब्रह्मज्ञान नंतर. तिथे मला पुढे वाचवेना.

सकाळी मुलीची माफी मागितली. मग फॉर्मच्या पाचपैकी दोनच ओळी भरल्या. तिच्या प्रश्नांवर कोणी चिडू नये. आजीशी मराठीत गप्पा मारणं तिला कधी परकं वाटू नये.

फॉर्म सोमवारी दिला. घरी तिच्याशी इंग्लिश बोलणं मी बंद केलं आहे.