परसत्तेचा वारसा

बेळगाव-निपाणीकडील सारस्वत घरांत ज्याचा कुलदेव गोव्यात नाही असे घर विरळाच. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटाने उतरून मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथे नारळ ठेवून आल्यावाचून ह्या घरांतील मंगलकार्य पुरे झाले असे कोणास वाटत नाही. ह्या वाटेने जशी श्रद्धा ये-जा करते तशी सोयरीकही करते; आणि सोयरीक आली की कधी ना कधी वाटणीचा प्रश्नही येतो. गोव्याचा कायम रहिवासी असलेला गृहस्थ वारला, त्याचे एक घर फोंड्यास व दुसरे बेळगावास असले, तर बेळगावचे घर कोणत्या कायद्याने वाटावयाचे, असा प्रश्न वकिलीच्या व्यवसायात आमच्यापुढे येत असतो. कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. परंतु त्या उत्तरामागे एक नैतिक प्रश्न उभा आहे, आणि आज आम्हांस त्याविषयी लिहावयाचे आहे.

अशा वाटणीच्या बैठकीत दोन उद्गार हटकून ऐकू येतात. एकजण म्हणतो, "काही म्हणा, पोर्तुगीजांनी मुलींना न्याय दिला, तेवढे उपकार मानलेच पाहिजेत." दुसरा म्हणतो, "पाखले गेले, मग त्यांचा कायदा कशाला?" दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. त्यांच्या वादाचे सार काढले तर प्रश्न असा उरतो : बळाने बसलेल्या सत्तेच्या हातून एखादी चांगली गोष्ट घडली, तर तिचे ऋण पराधीन प्रजेवर राहते काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १८६७ सालचा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून अमलात आला. हिंदूंच्या रूढींचा वेगळा संग्रह १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने निघाला. ह्या कायद्याने विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पतिपत्नी संपत्तीचे निमेनिम मालक ठरतात. मुलगा व मुलगी सारखेच वारस होतात. आणि बापाला मृत्युपत्राने आपल्या इच्छेप्रमाणे फक्त अर्धी संपत्ती देता येते, उरलेली अर्धी मुलांची असते. आपल्याकडे वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस जन्मसिद्ध हक्क मिळण्यास कर्नाटकात व महाराष्ट्रात १९९४ आणि साऱ्या देशात २००५ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे पहिल्या गृहस्थाच्या उद्गारातील तथ्य कळून येते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या मोहिमेसाठी फौजेची जमवाजमव ह्याच बेळगावात झाली होती. सत्ता गेली, पण १९६२ च्या संसदीय कायद्याने तेथील जुने कायदे चालू ठेवले. पुढे वारशासंबंधीचा भाग गोव्याच्या विधानसभेने २०१२ साली स्वतःच्या कायद्यात नव्याने लिहिला व तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. गोव्याच्या रहिवाशाची मिळकत भारतात कोठेही असली तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल, आणि संसदेने स्वीकारल्यामुळे तो कायदा आता परका नसून भारतीय आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. सत्तेहून कायद्याचे आयुष्य मोठे असते, ह्याचे आम्हां सीमाभागातील लोकांस नवल वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले, तरी मुंबई राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा येथील देवळांना त्यानंतरही कित्येक वर्षे लागू होताच.

आता खात्याची दुसरी बाजू. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास न्यावा लागला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. आपण ज्यांना मूळ स्थाने समजून नमस्कार करतो ती वस्तुतः निर्वासितांची स्थाने आहेत. त्याच १५६० साली गोव्यात धर्मन्यायासन बसले, ते मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत चालले. १६८४ च्या हुकुमाने कोंकणी बोलण्यावरच गदा आली. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक झाले व गोव्याच्या हिंदूंस बरोबरीचे हक्क मिळाले हे खरे. पण १९३० च्या वसाहत कायद्याने ते प्रजाजन पुन्हा खालच्या पायरीवर आले. सांगली जिल्ह्यातून गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले, आणि गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटावयास त्यांना १९६९ उजाडले. वारशात मुलीला सारखा वाटा देणारे आणि देशभक्ताला चौदा वर्षे कोंडणारे सरकार एकच होते.

ही गोष्ट एकट्या गोव्याची नव्हे. ज्या १८८० साली हिंदूंच्या रूढींचा संग्रह निघाला, त्याच वर्षी जूनमध्ये प्रशांत महासागरातील ताहिती बेटाचा राजा पाचवा पोमारे ह्याने आपले राज्य फ्रान्सच्या स्वाधीन केले. १८४२ पासून ते फ्रान्सच्या संरक्षणाखाली होतेच. फ्रान्सनेही तेथे कायदा नेला, शाळा नेल्या, नागरिकत्व दिले. १९४६ साली वसाहतीचे नाव बदलून 'सागरपार प्रदेश' ठेवले. पोर्तुगालने १९५१ साली गोव्यास 'सागरपार प्रांत' म्हटले, त्यातलाच हा प्रकार. नाव बदलल्याने मालकी बदलत नाही. १९६६ ते १९९६ ह्या तीस वर्षांत फ्रान्सने त्याच प्रदेशातील मोरुरोआ व फांगाताउफा ह्या प्रवाळबेटांवर १९३ अणुस्फोट केले. आणि २०२१ साली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ताहितीत जाऊन जाहीरपणे कबूल केले, की ह्या बेटांचे फ्रान्सवर ऋण आहे. शाळा व नागरिकत्व देणाऱ्याचे उपकार मानावेत असे जेथे शिकविले जात होते, तेथे शेवटी ऋणको निघाला तो राज्यकर्ताच.

आमच्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. दान हे स्वतःच्या वस्तूचे करावयाचे असते. आपल्या धर्मशास्त्राने 'अस्वामिविक्रय' हे एक स्वतंत्र विवादपद मानले आहे : जो मालक नाही त्याने वस्तू विकली तर तो व्यवहार टिकत नाही, वस्तू मूळ मालकाकडेच परत जाते. मुलीचा न्याय्य वाटा ही लिस्बनची मालमत्ता नव्हती; तो त्या मुलीचाच होता. ज्याचे त्याला मिळाले म्हणून देणाऱ्याचे ऋण होत नाही. समतेचा विचार ज्यांनी मांडला त्या युरोपातील विचारवंतांविषयी आदर अवश्य बाळगावा. पण तो आदर विचाराला आहे, सत्तेला नव्हे. पुढे सालाझारच्या राजवटीत स्वातंत्र्याचा विचार बोलून दाखविणाऱ्या पोर्तुगीजांनाही तुरुंगच पाहावा लागला.

म्हणून पहिल्या गृहस्थाचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. पण दुसऱ्याचेही नाही. ऋण नाही म्हणजे वस्तू टाकून द्यावी असे होत नाही. परक्याच्या हातून आली एवढ्यासाठी न्याय्य गोष्ट नाकारणे म्हणजे तिची मालकी पुन्हा त्या परक्याकडेच देणे होय. गोव्यात कोणी वारला म्हणजे त्याच्या मिळकतीची व देण्याची रीतसर यादी करतात. तिला तेथे इन्व्हेंतार म्हणतात. परसत्तेच्या वारशाचीही अशीच यादी झाली पाहिजे. त्या यादीत मुलीचा सारखा वाटा ठेवण्याच्या बाजूस पडेल. १८८० च्या संग्रहात पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू पतीस दुसऱ्या विवाहाची मुभा होती, ती टाकण्याच्या बाजूस. आणि ही मुभा पाखल्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती आपलीच रूढ समजूत होती, त्यांनी ती लिहून घेतली इतकेच.

येथे आम्ही देवस्थानाशी बांधलेल्या वाचकांस थोडे अंतर्मुख होण्याची विनंती करू. देवळांच्या कारभारासाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ साली नियम केले, १९३३ साली ते नवे केले, आणि गोव्यातील देवस्थानांच्या महाजनांचा कारभार आजही त्यांवर चालतो. तेथेही सरकारने आपली रूढी बहुतांशी जशीच्या तशी राहू दिली, आणि त्या रूढीप्रमाणे बहुतेक देवस्थानांत महाजनकी पुरुषवंशानेच चालते. परिणाम असा, की जी मुलगी बापाच्या घरात भावाच्या बरोबरीची वारस, तिचे नाव बापाच्या देवाच्या पटावर नाही. घरातही स्थिती सर्वत्र चांगली आहे असे नव्हे. सणाला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, हे घाटाच्या दोन्ही अंगांना चालते. अशी सही जो घेतो त्याने पोर्तुगीजांचे उपकार मानले काय किंवा त्यांना शिव्या दिल्या काय, सारखेच.

परसत्ता होती तोवर चांगल्याचे श्रेय तिला व वाइटाचा दोष तिला, अशी सोय होती. १९६१ नंतर ती सोय राहिली नाही. कायदा कोठून आला हे इतिहासाने सांगितले, तो आता कोणाचा हे न्यायालयाने सांगितले. तो आपल्या वागण्यात आला की नाही, एवढे मात्र आपणांसच सांगावे लागेल. कुलदेवाला पुढच्या खेपेस नारळ ठेवावयास जाऊ तेव्हा घरातील लेकही बरोबर असेल. त्या देवळाच्या पटावर तिचे नाव का नसावे, असे तिने विचारले तर काय उत्तर द्यावयाचे, ह्याचा विचार घाट उतरण्यापूर्वीच करून ठेवावा.