दुसऱ्याच्या कर्माचे फळ

जुलै १९८१ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर तिसऱ्या दिवशी इंग्लंडवर फॉलोऑनची वेळ आली. ऑस्ट्रेलियाने ९ बाद ४०१ वर डाव घोषित केला होता, इंग्लंडचा पहिला डाव १७४ धावांत आटोपला होता आणि सामना किती लवकर संपतो एवढेच पाहायचे उरले होते. लॅडब्रोक्स या सट्टा कंपनीने इंग्लंडच्या विजयाचा भाव मैदानावरच्या फलकावर झळकवला, एकास पाचशे. ऑस्ट्रेलियाचा जलदगती गोलंदाज डेनिस लिली याने त्या भावाने इंग्लंडवर १० पौंड लावले आणि यष्टिरक्षक रॉडनी मार्शने ५. पुढचा इतिहास क्रिकेटप्रेमींना पाठ आहे. ७ बाद १३५ अशा अवस्थेतून इयन बोथमने नाबाद १४९ धावा काढल्या, बॉब विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले, १३० धावांचा पाठलाग करणारा ऑस्ट्रेलियाचा संघ १११ वर बाद झाला आणि इंग्लंडने कसोटी १८ धावांनी जिंकली. हरलेल्या संघातल्या या दोघांना मिळून साडेसात हजार पौंड मिळाले.

दोघांच्या खेळात कसूर होती असे मानायला कोणताही आधार नाही. लिलीने त्या कसोटीत सात बळी घेतले, आणि शेवटच्या डावात ८ बाद ७५ अशी पडझड झाल्यावर रे ब्राइटच्या साथीने झपाट्याने ३५ धावा जोडून त्याने सामना जवळजवळ खेचून आणला होता. म्हणजे प्रयत्न पुरा होता, पैसा स्वतःचा होता आणि त्यांच्यावर पुढे काही कारवाईही झाली नाही. तरीही या पैजेची आठवण आजही मनाला टोचते. ही टोचणी निव्वळ सोवळेपणाची आहे की तिच्यामागे धर्माचा काही विचार आहे? माझ्या मते विचार आहे, आणि तो एकतर्फी सामन्यात जितका स्वच्छ दिसतो तितका अटीतटीच्या सामन्यात दिसत नाही.

जुगार वाईट का, याचे सर्रास दिले जाणारे उत्तर असे की त्यात अनिश्चितता असते. हे उत्तर टिकत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात एक जुगारी आपली दशा सांगतो. बायको दुरावली आहे, आई झुरते आहे, कर्ज डोक्यावर आहे. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो फासे सोडून शेत कसण्याचा. शेती आणि निश्चितता यांचा काय संबंध? पावसाच्या भरवशावर बियाणे मातीत टाकणारा शेतकरी जुगाऱ्याहून कमी जोखीम घेत नाही. तेव्हा ऋषी त्या माणसाला जोखमीतून बाहेर काढत नाही. जिथे आपला घाम आणि आपले फळ यांची गाठ पडते, अशा जोखमीकडे तो त्याला वळवतो. गीतेने हीच गोष्ट आणखी पुढे नेली. माणसाचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, असे तिने सांगितले. सट्टा लावणारा याच्या नेमका उलट उभा असतो. कर्मात त्याचा वाटा शून्य असतो आणि फळावर मात्र त्याचा दावा असतो. स्वतःच्या कर्माच्या फळाची आसक्तीसुद्धा बंधन मानणाऱ्या विचाराने दुसऱ्याच्या कर्माच्या फळावर हात ठेवणे कसे मान्य करावे? सट्ट्याचा मूळ दोष मला इथे दिसतो.

यावर पहिला आक्षेप ज्ञानाचा येतो. खेळपट्टी, हवामान, खेळाडूंचा फॉर्म यांचा अभ्यास करून पैसे लावणाऱ्याची बुद्धी हेच त्याचे कर्म नाही का? हा आक्षेप हलका नाही, कारण महाभारतानेच त्याला जागा दिली आहे. वनपर्वातल्या नलाच्या कथेत राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजतो, नलाला अक्षहृदय ही विद्या शिकवतो आणि त्या विद्येच्या बळावर नल पुष्कराकडून गेलेले राज्य परत जिंकतो. पण नल तिथे स्वतः फासे टाकत होता. सट्टेबाजाच्या हातात बॅट नसते आणि चेंडूही नसतो. शिवाय एकतर्फी सामन्यात कोण जिंकणार हे ज्ञान गल्लीतल्या पोरालाही असते आणि ते आधीच भावात उतरलेले असते. बलाढ्य संघावर लावणाऱ्याला मोठी रक्कम अडकवून चिमूटभर मिळते, दुबळ्यावर लावणाऱ्याला चिमूटभर टाकून घबाडाची आशा असते, आणि दोन्ही बाजूंचे भाव बुकी असे बांधतो की एकूण हिशेबात वरचढ तोच राहावा. शेअर घेणाऱ्याच्या भांडवलावर निदान कुठेतरी कारखाना उभा राहू शकतो. इथे जिंकलेला प्रत्येक रुपया हा दुसऱ्या कुणी हरलेला रुपयाच असतो.

एकतर्फी सामना आणखी एक गोष्ट उघडी पाडतो. निकाल ठरल्यासारखा असला की सट्ट्याचा जीव निकालात रमत नाही. तो सेशनमधल्या धावांकडे, एका षटकाकडे, शेवटी एका चेंडूकडे वळतो. जितकी गोष्ट लहान, तितकी ती एकाच खेळाडूच्या हातात. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडने पाकिस्तानला एक डाव आणि २२५ धावांनी हरवले. इतक्या एकतर्फी कसोटीत निकालाला हात लावण्याची कुणाला गरजच नव्हती. खेळाडू आपल्या मुठीत आहेत हे दाखवण्यासाठी मध्यस्थाने आधी ठरवून तीन नोबॉल टाकून घेतले. सामन्याच्या निकालावर त्यांचा तसूभर परिणाम झाला नाही, पण तिघे खेळाडू आणि तो मध्यस्थ यांना पुढच्या वर्षी लंडनच्या न्यायालयाने तुरुंगात पाठवले. त्या खेळाडूंपैकी मोहम्मद आमिर त्या कसोटीच्या वेळी १८ वर्षांचा होता. निर्जीव फाशांवरचा जुगार आणि सजीव प्राण्यांच्या झुंजीवर लावलेली पैज असा भेद मनुस्मृतीने केला आहे. आज त्या भेदाचे मोल कळते. फाशाला कुणी भुरळ घालू शकत नाही. माणसाला घालू शकतो. फाशांच्या जुगारात लावणारा आधी स्वतःला बिघडवतो. माणसावर लावलेली पैज लावणाऱ्याबरोबर खेळणाऱ्यालाही बिघडवण्याचा रस्ता खुला करते.

आता पुन्हा हेडिंग्लेकडे पाहू. दुसऱ्या डावात मार्शने हूक मारला आणि सीमारेषेजवळ ग्रॅहम डिलीने तो झेलला. चांगला फटका, त्याहून चांगला झेल. पण पैजेची हकीकत कळलेल्या माणसाला तो क्षण निर्मळ नजरेने पाहता येत नाही. मार्श निर्दोष असूनही त्याच्या फटक्यावर सावली पडते, आणि ती सावली त्याच्या पाच पौंडांनी पाडली आहे. पैजेने त्याच्या इच्छेचे दोन तुकडे केले. एक तुकडा विजय मागत होता आणि दुसऱ्याला पराजयातून लाभ होता. पाली सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत, त्यांत एक असा की सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. खेळाडूचा खेळ हाच त्याचा शब्द असतो. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले, तेव्हा पुणेकरांनी क्रिकेटमधला एक निखळ आनंद अनुभवला. त्या केनियाचा कर्णधार मॉरिस ओडुंबे याच्यावर सट्टेबाजांशी असलेल्या संबंधांमुळे २००४ मध्ये पाच वर्षांची बंदी आली. पुण्याच्या सामन्याशी त्या प्रकरणाचा काही संबंध नव्हता. तरीही ज्यांनी तो आनंद लुटला त्यांच्या आठवणीला ती बातमी बोचलीच असणार.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. पैसा माझा, हरलो तर मी हरलो, इतरांना काय त्याचे? सभापर्व या आक्षेपाचे जितके कठोर उत्तर देते तितके दुसरे कोणी दिलेले नाही. हस्तिनापूरचा तो डावही एकतर्फीच होता, कारण दुर्योधनाच्या वतीने फासे शकुनी टाकत होता आणि युधिष्ठिराला त्याचे कसब ठाऊक होते. युधिष्ठिराने आपलेच लावले. धन लावले, राज्य लावले, मग भाऊ, मग स्वतः, मग द्रौपदी. त्यावर द्रौपदीने विचारले की त्याने आधी स्वतःला हरवले की मला? भर सभेत कुणाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. भीष्मांनीही धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून हात टेकले. ‘माझे’ म्हणून जे आपण लावतो त्यात कितीजणांचा वाटा असतो, हा तिचा प्रश्न आहे. घरातला पगार, मुलांची फी, म्हाताऱ्यांचे औषधपाणी यांपासून अलग काढता येईल असा निव्वळ ‘माझा’ पैसा संसारी माणसाकडे फारच थोडा असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. दुबळ्या संघावर पैसे लावणे ही एक प्रकारची श्रद्धाच नाही का? १९८३ च्या विश्वचषकाआधी भारताचा भाव एकास सहासष्ट होता. ज्याने तेव्हा भारतावर लावले त्याचे आपल्या संघावर प्रेमच असेल. असेलही. पण त्या प्रेमाला भावाची गरज नव्हती. एकास पाचशेचा भाव लिलीला इंग्लंडच्या प्रेमात पाडू शकला नाही, त्याने फक्त स्वस्तात मिळणारी संधी पाहिली. ६ जून २०२४ रोजी डॅलसमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला बरोबरीत रोखले आणि सुपर ओव्हरमध्ये मुंबईत जन्मलेल्या सौरभ नेत्रवळकरने १८ धावांचा बचाव केला. एक नोकरदार अभियंता कसलेल्या फलंदाजांपुढे उभा राहतो, हे पाहून मराठी घरांत ज्यांचा ऊर भरून आला, त्यांच्या आनंदात मिळवण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून तो पूर्ण होता. श्रद्धा स्वतःला पणाला लावते आणि मोबदला मागत नाही. पैज मोबदला आधी ठरवते.

शेवटचा आक्षेप परंपरेतूनच येतो. दिवाळीच्या पाडव्याला द्यूत खेळण्याची रूढी आहे, गीतेच्या विभूतियोगात छळणाऱ्यांमधले द्यूत ही भगवंताची विभूती म्हटली आहे, आणि कौटिल्याने तर जुगारावर अधिकारी नेमून जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाकडे घेतले आहेत. मग आपणच इतके कडक का व्हावे? पाडव्याचा डाव वर्षातून एकदा, आप्तांमध्ये आणि मर्यादेत असतो. सणाच्या चौकटीबाहेर तो पाळा असे कुणी सांगितलेले नाही. विभूतियोगाच्या त्याच यादीत सर्व काही हिरावून नेणारा मृत्यूही आहे, म्हणून मृत्यूच्या मागे लागा असा अर्थ कुणी घेत नाही. कौटिल्याचा हेतूही उघड आहे. जुगार एका ठिकाणी आणून चोर आणि लपून धंदा करणारे ओळखता यावेत, असे तो स्वतःच सांगतो. सट्टा कायद्याच्या चौकटीत आणावा की नाही, हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. २०१८ मध्ये विधी आयोगाने तो बंद करता येत नसेल तर नियमित करण्याचा विचार मांडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक युक्तिवाद होऊ शकतात. पण जे कायदा सहन करतो ते सारे धर्म्य ठरत नाही, आणि कायद्याने अडवले नाही तरी विवेकाने थांबता येते.

म्हणून माझा निवाडा असा. अनिश्चितता पाप नाही, धाडस पाप नाही, खेळात रंगून जाणे तर मुळीच नाही. ज्या कर्मात आपला घाम नाही त्याच्या फळावर किंमत लावणे, आणि ते कर्म करणाऱ्या माणसाला आपल्या लाभाचा फासा मानणे, हा दोष आहे. निकाल उघड असलेल्या सामन्यात हा दोष झाकायला अभ्यासाची किंवा रोमांचाची सबबही उरत नाही. मोबाइलवर भाव पाहणाऱ्या तरुण वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे, की दुबळा संघ बलाढ्याला नमवताना पाहण्याचे भाग्य वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी लाभते. त्या दिवशी खिशाकडे पाहू नका, खेळाकडे पाहा.