पडद्याच्या अलीकडे

सावकाश बसा. मन आधी गोंदियातच असू द्या. धानाच्या बांध्या, मामा तलाव, राइस मिलची घरघर. इथे तेलविहीर नाही. तेलासाठी मन पार अरबी समुद्रात न्यावं लागेल, १९७४ साली जिथे तेल लागलं त्या बॉम्बे हायवर.

विहिरीतून तेल एकटं येत नाही. जमिनीखालचं खारं पाणीही सोबत येतं आणि विहीर म्हातारी होत जाते तसा पाण्याचा वाटा वाढतो. ते पाणी मनात धरा.

त्यातले तेलाचे मोठे थेंब आपोआप वर तरंगतात, त्यांचा विचार सोडा. उरतात ते बारके, २० मायक्रॉनहूनही लहान. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. हे थेंब लवकर वर येत नाहीत, पाणी नुसतं दुधाळ दिसत राहतं. त्यांच्यासाठी पडदा लागतो, मेम्ब्रेन. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्याची छिद्रं ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची.

इथे थांबा, घाई नाही. पाणी या पडद्यावर समोरून आदळत नाही, त्याला घासून वाहत जातं. त्यातलं थोडं छिद्रांतून पलीकडे झिरपतं, तेल प्रवाहाबरोबर पुढे सरकतं. आता मनातल्या मनात दाब वाढवा. थेंब मऊ असतो. तो चेपतो, लांबट होतो आणि छिद्रातून निसटतो! जोर लावला की काम बिघडतं, ही या यंत्रणेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. कालांतरानं छिद्रं बुजतात, धार मंदावते. मग उलटं पाणी सोडायचं, कॉस्टिक सोड्यानं धुवायचं, पुन्हा सुरू करायचं. सिरॅमिकचा पडदा हे धुणं चांगलं सोसतो, पण महाग पडतो.

पलीकडचं नितळ पाणी सगळेच दाखवतात. तुम्ही अलीकडे पाहा. तेल नाहीसं झालेलं नाही, थोड्या पाण्यात गोळा झालंय. त्यातलं काही परत वापरात जातं, तेलकट गाळ मात्र कायद्यानं घातक कचरा ठरतो. त्याचा ठावठिकाणा कळेपर्यंत ‘पाणी शुद्ध झालं’ हे म्हणणं मला पटत नाही.

गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइलही घातक कचऱ्यातच मोडतं आणि नालीच्या तोंडाशी असला पडदा नसतो. पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा मेकॅनिकला एवढं विचारा: जुनं कुठे टाकता?