पाहण्यासारखं म्हणजे काय?

"शेगावला येतोय. तुमच्या नांदुऱ्यात मुलांना दाखवण्यासारखं काय आहे?" दरवर्षी ऑफिसातलं कुणीतरी मला हे विचारतं. उत्तर एका शब्दात संपतं : हनुमान. हायवेला लागून असलेली 105 फूट उंच मूर्ती. गाडी थांबते, मुलं माना वर करतात, फोटो निघतो, गाडी पुढे जाते. मग जिल्ह्याची यादी सुरू होते : लोणारचं सरोवर, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान.

यात वाईट काहीच नाही. एवढं उंच काहीतरी पहिल्यांदा पाहणाऱ्या पोराचं आश्चर्य खरंच असतं. पण 'दाखवण्यासारखं' या शब्दाशी मी अडतो. हे ठरवतं कोण?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. यादी क्रमाने लावायची तर निकष लागतो, आणि जे मोजता येतं तेच निकष म्हणून सोपं पडतं. उंची मोजता येते. पण मोजण्याच्या खेळात कधी ना कधी हरावंही लागतं. 2010 साली शिमल्याच्या जाखू टेकडीवर 108 फुटांची हनुमानाची मूर्ती उभी राहिली. त्या तीन फुटांनी नांदुऱ्याचा हनुमान कमी पाहण्यासारखा झाला का? गावात कुणालाही विचारा, हसेल.

आता पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकर म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी ते उभं केलं. देशभर हिंडून सुमारे 20 हजार वस्तू जमवल्या. कसल्या? अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्र्या. म्हणजे घराघरांत पडलेल्याच वस्तू. त्या बदलल्या नाहीत. एका माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं, एवढंच घडलं. पाहण्यासारखेपण वस्तूत आधीपासून भरून ठेवलेलं नसतं. आधी कुणीतरी पाहावं लागतं, मग ते इतरांना दिसतं.

आमच्याकडची तिफण घ्या. तीन फण असतात म्हणून तिफण. वर लाकडी चाडं, त्याला खाली तीन नळ्या. पेरणारी बाई मुठीतून दाणे सोडते आणि ते तीन तासांत सारखे पडतात. किती दाट पडायचे ते तिच्या मुठीवर ठरतं. विज्ञान केंद्रात काचेपलीकडे ठेवली तर पोरं रांग लावून चाडं हाताळायला मागतील. गोठ्याच्या कडेला पडली असेल तर ती भंगार.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला खरा वाटतो. 'नजर बदला, सगळीकडे म्युझियम आहे' हा सल्ला लहान गावांना फार स्वस्तात दिला जातो. मुंबईच्या पोराला वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरच्या पोराला अजब बंगला, आणि नांदुऱ्याच्या पोराला नजर? हा न्याय नाही. नजरेला छप्पर लागतं, वस्तू जपणारा माणूस लागतो, पैसा लागतो. ते मागायलाच हवं.

पण मागायचं कुणी? ज्याला आपल्याकडे ठेवण्यासारखं काहीतरी आहे असं वाटतं, तोच जागा मागतो. सुट्टीत आपण मुलांना गाडीत घालून पुण्याला नेतो, तिकीट काढतो आणि अडकित्ता दाखवतो. तसाच आजीचा अडकित्ता मात्र किलोच्या भावाने गेलेला असतो. तोंडाने आपण काही बोलत नाही, पण पोरगं शिकतं : पाहण्यासारखं असतं ते दुसऱ्यांच्या गावात.

हा धडा मला अन्यायाचा वाटतो, आणि तो कुठलं सरकार देत नाही, आपणच देतो. म्हणून विचारणाऱ्यांना मी आता हनुमान सांगतोच, पण सोबत म्हणतो : फोटो झाला की आत गावात या. कुणाच्या तरी घरी तिफण असेल. पोराला चाड्यात मूठभर ज्वारी सोडू द्या आणि तिन्ही नळ्यांतून सारखी पडते का ते त्यालाच मोजू द्या.