नकाशावरील ठिपका कोणाच्या हाती?

भूगर्भशास्त्रात कामठीचे नाव कायमचे कोरले गेले आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. येथील वालुकाश्मांना ‘कामठी थर’ म्हणतात. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वनस्पतीचे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे ठसे आढळतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात या परिसरातील जीवाश्म जमविले. तिचेच ठसे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेही मिळाले. त्या ठिपक्यांनी गोंडवन या एकसंध भूखंडाची साक्ष दिली. नामशेष वनस्पतीचा मुलूख आखताना कोणाला संकोच वाटला नाही. तिला आता कोणाचे भय उरले नव्हते.

जिवंत वनस्पतीच्या बाबतीत मात्र प्रश्न बिकट होतो. डालझेल यांनी वर्णिलेली शिंदळ माकुडी महाराष्ट्राबाहेर जगात कोठेही निसर्गतः उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर अशा ठिकाणच्या कडेकपारी हेच तिचे माहेर. अशा वनस्पतीवरील संकट किती गंभीर, हे ठरविण्यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ नकाशावर दोन किलोमीटरच्या चौकटी आखून तिने व्यापलेले क्षेत्र मोजतो. म्हणजे ठिकाण कळल्यावाचून रक्षण नाही. पण ज्या ठिपक्यावरून रक्षक पोहोचतो, त्याच ठिपक्यावरून दुर्मीळ रोपांचा लोभी संग्राहकही पोहोचतो.

सत्य सांगावे, हे कर्तव्य. दुर्बलाचा ठावठिकाणा त्याच्या वैऱ्यास सांगू नये, हेही कर्तव्यच. मग मौन बाळगावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतींचे नमुने जमविणारे फादर ब्लॅटर आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झालेले फादर सांतापाव यांच्या पिढ्यांनी नमुन्यासोबत गावाचे नाव व तारीख लिहून ठेवली. ती चिठ्ठी नसती, तर कोठून काय नाहीसे झाले, हेही आपल्याला कळले नसते. शिवाय लोभाइतकेच अज्ञानही घातक असते. रस्त्यासाठी कडा फोडणाऱ्याच्या मनात वैर नसते. त्याला केवळ माहीत नसते.

म्हणून नोंद पूर्ण असावी, जाहीर नकाशा ढोबळ असावा, असे आम्हांस वाटते. परंतु नेमके ठिकाण केवळ तज्ज्ञांच्या कपाटात राहिले, तर डोंगराच्या पायथ्याशी राहणारा माणूसच परका ठरतो. ज्याची शेळी त्या कड्यावर चरते, त्याला प्रथम विश्वासात घेतले पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ही नोंद तेथेच शोभते.

विश्वासाचा घात होऊ शकतो, हे खरे. पण ज्यांच्या दारात ती उगवते, त्यांच्यावर अविश्वास दाखवून तिला वाचविणारा दुसरा राखणदार आपण कोठून आणणार? ग्लॉसोप्टेरिस गेली तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. शिंदळ माकुडी गेली, तर तो बचाव आपल्यापाशी नसेल.