एक मूठ बाजूला

दळण काढलं की आई त्यातली एक मूठ चुलीमागच्या गाडग्यात टाकायची आणि मगच डबा माझ्या डोक्यावर द्यायची. आमचं गाव माण तालुक्यातलं. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आईवडील खडी फोडायला जायचे. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्या मिलोची भाकरी थापतानाच चिरायची. तरीही गाडग्यात मूठ पडत होती.

एकदा मी चिडून म्हणालो, "आपल्यालाच पुरंना, आन् तू बाजूला कशाला काढतीस?"

"वरच्या आळीला बाळंतीण हाय," आई म्हणाली. "तिच्या घरी दोन दिस चूल न्हाई पेटली."

पदराखाली गाडगं घेऊन ती गेली आणि रिकामं गाडगं घेऊन परत आली. त्या रात्री तिच्या वाट्याला अर्धीच भाकरी होती. पण ती जेवली ते पोट भरलेल्या माणसासारखी जेवली. हे मला तेव्हा कळलं नाही. आता पुष्कळदा आठवतं.

समाधान म्हणजे आहे त्यात गप्प बसणं, असं मी मानत नाही. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला समाधानाचा उपदेश करणं हे पाप आहे. त्या दुष्काळात माणसं गप्प बसली नाहीत, त्यांनी काम मागितलं, दाम मागितला. म्हणून तर 1977 मध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला. हक्काचं मागायला लाजू नये. पण मागून मिळालेल्यातही आपल्याला पुरेसं आहे असं वाटायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते आईच्या त्या गाडग्यात होतं. ज्याला दुसऱ्यासाठी मूठभर काढता येतं, त्याचं स्वतःचं कमी असलं तरी तो मनानं कंगाल होत नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यात या मुठीवर शाळा उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मुलांच्या जेवणासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. त्याला मुष्टिफंड म्हणत. देणाऱ्या बायका काही सधन घरच्या नव्हत्या. आणि एकदा वसतिगृहातलं धान्य संपलं, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं. या माउलीचं नाव घेताना आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

आजची अनिश्चितता वेगळी आहे. पाऊस पडला की ती संपत नाही. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलाची हिंजवडीतली नोकरी गेली. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलीची फी. तीन आठवडे तो रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडत होता आणि संध्याकाळी परत येत होता, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. बागेतल्या बाकावर बसून तो डबा खात होता, असं त्यानं मला नंतर सांगितलं. नोकरी जाण्यापेक्षाही मला त्या डब्याचं फार वाईट वाटलं. आमच्या भिंतीला भिंत लागून आहे, आणि मला पत्ता नव्हता. वरच्या आळीची चूल पेटली नाही हे आईला न सांगता कळलं होतं.

आता तो बायको-मुलीसह आमच्याकडे अधूनमधून जेवायला येतो, त्याची बायको माझ्या सुनेशी मोकळेपणानं बोलते. नोकरी अजून मिळालेली नाही. पण रोज डबा घेऊन बाहेर पडणं मात्र थांबलं आहे. आणि खरं सांगतो, चार माणसांसाठी कुकर लावण्याऐवजी सातांसाठी लावायला लागल्यापासून आमच्या घरातली महागाईची चर्चा कमी झाली आहे.

मूठभर तांदूळ साधारण चाळीस ग्रॅम भरतात, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. उद्या तांदूळ धुवायला घ्याल तेव्हा एक मूठ वेगळ्या बरणीत टाका. आणि बरणी भरायच्या आत, आपल्या जिन्यावर कोणाच्या घरी पगार थांबला आहे, याची आपुलकीनं चौकशी करा.