मुक्या जिवाची साक्ष
यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला आमच्या खालाला लकवा झाला. कुणी म्हणाले, ॲक्युपंक्चर करा, उंदरांवर सिद्ध झालेय! मी विचारात पडलो. मेंदूची रक्तवाहिनी बंद करून उंदराला लकवा आणतात, मग सुया टोचतात. पण कोणत्या उंदराला सुया, हे चिठ्ठ्या टाकून ठरले काय? तपासणाऱ्याला ते ठाऊक होते काय? अनेक निबंधांत याचा उल्लेखच नसतो. मग आकडे इच्छेकडे झुकतात. एनएक्सवाय-०५९ हे औषध प्राण्यांत गुणकारी ठरले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत माणसांवर निष्फळ ठरले. मुक्या जिवाला यातना देण्यास आपल्याकडे एकच सबब असते, त्यातून खरे काही कळेल. ढिसाळ प्रयोगात तीही उरत नाही.
खाला रोज विचारते, "बेटा, सुया कधी टोचायच्या?"